शिलेदारांच्या घरी बारातीची घोडी

"घोडीही मुकी न् पोरगीही मुकी. जोडी मस्त जमली!"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत्याचा आवाज आला. पाठोपाठ काकूचा, "हळू बोला न ताई, ऐकून राहिली ती."

"ऐकू दे न. बोलणार थोडी आहे!"

मी खरंच बोलले नाही. काकांच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर, उलट्या केलेल्या बादलीवर, बँकेच्या परीक्षेचं पुस्तक मांडीवर उघडून मी बसले होते. प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला, बेशरमच्या झुडपांपाशी, भिंतीकडे तोंड करून घोडी उभी होती. आम्ही दोघी एकमेकींकडे न पाहण्यात गुंतलो होतो. हे काम दिसतं तितकं सोपं नसतं.

घोडी आमच्या घरी कशी आली हे सांगायचं तर आधी घराण्याचा इतिहास सांगावा लागेल. त्याला इलाज नाही. काका तो सगळ्यांनाच सांगतात, गॅस सिलिंडर आणणाऱ्यालासुद्धा. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेत शिलेदार होते. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला आलेला स्वार. दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. हा फरक आमच्या घरातल्या मुलांना पाढ्यांच्या आधी शिकवतात. फौज नर्मदेच्या काठी आली, काही काळाने फौज गेली आणि आम्ही राहिलो. पुढे राज्यांची नव्याने वाटणी झाली, नागपूर महाराष्ट्रात गेलं, तेव्हाही आम्ही जबलपुरातच राहिलो. जिथे आहोत तिथे राहणं हाच खरं तर आमचा मुख्य पराक्रम आहे, पण काका तो भाग गाळतात.

घरातला शेवटचा घोडा कधी गेला ते कोणालाच ठाऊक नाही. त्यानंतर घराण्यात मास्तर झाले, हेडक्लार्क झाले, खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत बसने जाणारे-येणारे झाले. घोड्याची खूण म्हणून एक रिकीब तेवढी उरली आहे. स्वार ज्यात पाय अडकवतो ती लोखंडी कडी. एकच. दुसरी कुठे गेली हे कोणी विचारत नाही. आमचे पूर्वज एका पायाने लढले असावेत. दर खंडेनवमीला काका ती चिंचेने घासतात आणि स्कूटर, मिक्सर आणि काकूच्या शिलाई मशीनबरोबर तिची पूजा होते. पूजा करताना काका न चुकता म्हणतात, "रक्तात आहे आपल्या घोडा." काकांच्या रक्तात त्या वेळी साखर होती, असं रिपोर्टमध्ये होतं, पण घोड्याची तपासणी त्या पॅथॉलॉजीत होत नसावी.

काका फॅक्टरीतून निवृत्त झाले, फॅक्टरीच्या वसाहतीबाहेर त्यांनी घर बांधलं, मागचा प्लॉटही घेतला, आणि मग माणसाला फावला वेळ मिळाला की जे होतं ते झालं. एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नात त्यांनी बारातीत एक पांढरी घोडी पाहिली. बँड वाजत होता, आणि घोडी पुढचे पाय आळीपाळीने उचलून, मान कमानीसारखी ताणून जागच्या जागी उसळत होती. नवरदेव तिच्या पाठीवर घट्ट डोळे मिटून बसला होता. काकांना त्यात नवरदेव दिसला नाही. त्यांना रणांगण दिसलं. "काय तेज आहे जनावरात! ही बारातीत काय करून राहिली?" घरी येऊन ते काकूला म्हणाले.

बारातीची घोडी नाचते, कारण तिला नाचायला शिकवलेलं असतं. कसं शिकवतात ते कोणी नवरदेवाला सांगत नाही. काकांनाही कोणी सांगितलं नाही. आषाढात लग्नं थांबली, देवउठनी ग्यारसपर्यंत, म्हणजे कार्तिकी एकादशीपर्यंत, घोडीला फुकट चारा घालायचा म्हणून तिचा मालक वैतागला होता, तेवढ्यात काका त्याच्या दारात उभे राहिले. जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या त्या घोडीवाल्या भैयाला त्या दिवशी देव भेटल्यासारखं वाटलं असणार. "ले जाइए अंकल. मन न लगे तो सीज़न में लौटा देना," असं तो अगदी उदारपणे म्हणाला. काकांना वाटलं, व्यवहार आपण जिंकला.

काकांनी घोडीला एक पराक्रमी नाव दिलं. ते तिला कधीच कळलं नाही, म्हणून मीही इथे लिहीत नाही.

पहिल्याच रविवारी काका तिच्यावर बसले. पायात मॉर्निंग वॉकचे बूट, डोक्यावर फेटा. बघायला सगळे जमलो होतो. घोडी चालली. थोडं चालली आणि थांबली. काकांनी "चल!" म्हटलं, टाच मारली, जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. घोडी उभीच. मग आपल्या मनाने पुन्हा थोडं चालली आणि पुन्हा थांबली. मला समजायला वेळ लागला, पण समजलं तेव्हा मी ओढणी तोंडात कोंबली. ती बारात्यांना नाचायला वेळ देत होती. बिचारी आपलं काम मन लावून करत होती. चार पावलं चालायचं, नवरदेवाच्या मेहुण्यांनी रस्त्यावर लोळून घ्यायचं, मग पुढे. आमच्या शिलेदारासमोर कोणी लोळत नव्हतं, एवढाच घोटाळा होता.

तेवढ्यात आत्याचा फोन वाजला. आत्याच्या फोनची रिंगटोन ढोलाची होती.

पुढचं फार भरभर झालं. घोडीने मान ताणली, पाय उचलले आणि नाचायला लागली. काकांचा फेटा एका बाजूला गेला आणि काका दुसऱ्या. काका आजही म्हणतात की ते उतरले. मी तिथेच होते. उतरायला माणूस पाय आधी खाली टेकवतो.

"घोडा खानदान ओळखतो म्हणे तू," आत्या त्यांचा कोपर धुताना म्हणाली. ती काकांहून मोठी आहे आणि शहरातल्या दीक्षितपुऱ्याहून खास हे बघायला आली होती. "मग हिनं काय ओळखलं रे?"

संध्याकाळी व्हरांड्यात बसून काकांनी निकाल जाहीर केला. दसऱ्यापर्यंत वाट बघायची. दसऱ्याला घोड्याची पूजा ही आपली रीत. काकू औक्षण करेल, कपाळाला कुंकू लावेल, मग आपण तिच्यावर बसून सीमोल्लंघनाला वसाहतीच्या भिंतीपलीकडच्या शमीपर्यंत जाऊ. घोडीने हे नीट करू दिलं तर ती घरची. नाहीतर भैयाला परत. भैयाला फोनही केला. स्पीकरवर तो हसत म्हणाला, "कोई बात नहीं अंकल. काँटेवाली लगाम डालूँगा, एकदम लाइन पे आ जाएगी."

काटेरी लगाम म्हणजे काय ते मी घोडीच्या तोंडाच्या कोपऱ्यांत आधीच पाहिलं होतं. तोंडात जाणाऱ्या दांडीला आतून दाते असतात. लगाम ओढला की ते दाते बोलतात. तिच्या ओठांच्या दोन्ही कडांना केस उगवत नव्हते, नुसती गुलाबी, सुरकुतलेली कातडी होती. म्हणजे ती लाइनवर पूर्वीही येऊन गेली होती.

मी काकांकडे का होते, तर अभ्यासासाठी. आमचं घर गोरखपूरच्या बाजारात, खाली भांड्यांचं दुकान. तिथे अभ्यास होत नाही, म्हणून आईने मला स्कूटीवरून रोज इकडे पिटाळायचं ठरवलं होतं. हे अधिकृत कारण. अनधिकृत कारण असं की उन्हाळ्यात मला बघायला आलेल्या मंडळींनी निरोप धाडला होता, मुलगी चांगली आहे, पण आवाज काही ऐकायला मिळाला नाही. मुलाच्या आईने छंद विचारले होते. मी "वाचन" म्हणाले होते. माझ्या मते वाक्य संपलं होतं. त्यांना वाटलं सुरू झालंय.

त्यात माझी पूर्ण चूक नाही. शाळेत मराठी बोललं की दंड, घरी इंग्रजी बोललं की टोमणे, आणि गल्लीत हिंदी नीट आली नाही तर ऑटोवालाही भाव देत नाही. एवढी तयारी झाल्यावर मला तीन भाषा येतात आणि तिन्हींत उत्तम गप्प बसता येतं. घरी कोणाला काही सांगायचं असेल तर मी ते काकूला किंवा आईला सांगते आणि त्या ते पुढे पोहोचवतात. बरी चालली होती ही पद्धत.

तर घोडी. पडझडीनंतर काका तिच्यावर बसायचे थांबले, पण रोज सकाळी तिच्यासमोर उभे राहून तिला बोधामृत पाजायचे. हात उंचावून, "अरे तू कोणाच्या घरी आली आहेस?" असं. घोडी वळून त्यांच्याकडे पाठ करायची. काका दुसऱ्या बाजूने तोंडासमोर यायचे. ती पुन्हा वळायची. काकांना तो अपमान वाटायचा. मला ते ओळखीचं वाटलं. लग्नसमारंभांत मीसुद्धा भिंतीशी, खुर्च्यांच्या चळतीपाशी, असंच कोणाकडे तरी पाठ करून उभी असते, आणि कोणीतरी मावशी फिरून समोर येते आणि म्हणते, "अगं बोल न काहीतरी! लाजते काय?"

मी एवढाच विचार केला की लग्नात मला कोणी कसं वागवलेलं आवडलं असतं. उत्तर सोपं होतं. जवळपास बसावं, आपलं काम करावं आणि माझ्याकडे बघू नये. कोणी कधी हे केलेलं नाही, म्हणून ते चालतं की नाही याचा अनुभव नव्हता. घोडीवर करून बघितलं.

बादली, पुस्तक आणि मी. पहिले काही दिवस काहीच झालं नाही. आत्या खिडकीतून जे म्हणाली ते याच दिवसांतलं. आत्या दीक्षितपुऱ्याला परत जायचं नाव घेत नव्हती, तिला ही मालिका आवडली होती. "काहून गं, अशी परीक्षा देतात का बँकेची? घोडीच्या बुडाकडे पाहून?" मी पान उलटलं. घोडीचा एक कान माझ्याकडे वळला. मी मान वर करून पाहिलं तर कान परत गेला. मी पुस्तकात पाहिलं तर कान परत आला. त्या दिवशी मला कळलं की आमचं बोलणं सुरू झालंय.

श्रावणात एका दुपारी मी खरोखरच अभ्यास करत होते, तेव्हा मानेवर गरम श्वास आला. मी हलले नाही. एक गुलाबी नाकपुडी माझ्या खांद्यावरून पुढे आली, तिने पुस्तक हुंगलं आणि रिझनिंगच्या धड्याचा कोपरा फाडून चावून खाल्ला. त्या धड्याचं माझ्याकडून तरी याहून जास्त काही झालं नव्हतं.

मग मी फोनवर व्हिडिओ शोधले. हॅट घातलेली एक गोरी बाई, हिरवंगार मैदान, चकाकणारा घोडा. आमच्याकडे मैदानाच्या जागी सिमेंटची रिकामी पोती होती आणि हॅटच्या जागी आईने दिलेला स्कार्फ. पण बाईचं म्हणणं मला पटलं. घोड्याला नको असलेलं काही करायचं असेल तर त्याला सोसेल इतकंच करायचं, आणि तो मान झटकायच्या आतच आपण मागे व्हायचं. म्हणजे त्याला कळतं की आपण न ओरडताही आपलं ऐकलं जातं. हे ऐकून मी व्हिडिओ थांबवला आणि ते वाक्य मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग पुढचा लावला.

खांद्याला हात लावू द्यायला ती लवकर तयार झाली. मग मान, मग खरारा. लोखंडी ब्रश पोटाच्या वळणावरून फिरला की ती खालचा ओठ सैल सोडून देई आणि भलतीच बावळट दिसे. अडचण होती ती वर उचललेल्या हाताची. हात तिच्या डोळ्यांच्या वर गेला की ती डोकं असं फेकायची की समोरच्याचं नाक वाचलं तर नशीब. त्याचंही कारण होतं. बारातीत नवरदेवाचे काका-मामा घोडीच्या डोक्यावरून नोटा ओवाळतात, कानाशी फटाके लावतात, दिव्यांची झुंबरं दोन्ही बाजूंनी हलत असतात. उचललेल्या हातानंतर काहीतरी फुटतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

आणि आमच्या दसऱ्याच्या पूजेत नेमकं काय करायचं होतं, तर हात उचलून कपाळाला कुंकू, आणि डोळ्यांसमोरून पेटतं निरांजन गोल गोल. पूर्वजांनी रीत घालताना घोडीचं मत घेतलेलं दिसत नाही.

मी स्टीलची थाळी घेतली. आधी रिकामी थाळी कमरेच्या उंचीवर, लांबून. ती बघायची, मी थांबायचे, मागे व्हायचे, हरभरे द्यायचे. मग थोडं जवळून. मग थोडी उंच. एखाद्या दिवशी मी घाई केली की दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा कमरेपासून. आत्या व्हरांड्यातून समालोचन करायची. "हे काय, थाळी फिरवून राहिली घोडीवरून! भूत उतरवून राहिली काय?"

"तसं नाही हो ताई," काकू म्हणायची, "तिला सवय लावून राहिली."

"अन् हिला कोण लावते सवय? बोलायची?"

काका पेपरातून डोकं काढून म्हणायचे, "असे लाड करून घोडे तयार होत नसतात. आपले पूर्वज..." आणि मग पूर्वज. आईचा रोज संध्याकाळी फोन. "आज तरी झाला का अभ्यास?" काकू उत्तर द्यायची, "हो हो, मन लावून करून राहिली." खोटं नव्हतं ते.

दोरीने चालवतानाही जुनी सवय होतीच. थोडं चालून ती थांबायची. मी तिला ओढलं नाही. मीही थांबायचे, दुसरीकडे बघत. ती वाट बघायची की कोणीतरी नाचेल. कोणी नाचत नाही असं दिसलं की माझ्याकडे एक डोळा करायची. मी गप्प. मग आपणच पाऊल टाकायची. हळूहळू थांबणं कमी झालं, आणि पितृपक्षाच्या सुमारास एका सकाळी ती फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत एकदाही न थांबता चालली. एवढ्या महिन्यांनी तिला पटलं असावं की बारात पोहोचली, लग्न लागलं, पाहुणे जेवून गेले.

काकूला तयार करायला मात्र जास्त वेळ लागला. औक्षण तिला करायचं होतं आणि घोडी नुसती फुरफुरली तरी ती थाळीसकट स्वयंपाकघरात जायची. मग तिलाही तसंच केलं. आधी नुसतं लांब उभं राहायचं. मग मी मान धरल्यावर पाठीला बोट लावायचं. "चावणार नाही न?" "नाही." "लाथ?" "नाही." "तुला काय माहीत?" मी तिचा हात धरून घोडीच्या मानेवर ठेवला आणि तसाच राहू दिला. काकू म्हणाली, "किती गरम आहे गं ही." त्यानंतर ती रोज यायची. नवरात्र बसलं तोवर थाळीत निरांजन पेटलेलं होतं, आणि घोडी डोळे मिचकावत उभी राहायची, कपाळ पुढे करून.

एक गोष्ट मात्र मला करता येण्यासारखी नव्हती. ढोल. ढोल मी कुठून आणणार, आणि हळू वाजणारा ढोल जबलपुरात तरी मिळत नाही. म्हणून मी काकूला सांगितलं की काकांना सांग, दसऱ्याला बँड नको, ढोल नको, काहीच नको. तिने निरोप पोहोचवला. काका टीव्ही बघत होते. "हो, हो," म्हणाले. काकूने मला येऊन सांगितलं, हो म्हणालेत. मी समाधानाने परत बादलीवर जाऊन बसले. आमच्या घराण्यात टीव्हीसमोर म्हटलेल्या 'हो'ची काय किंमत असते, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

दसऱ्याला दुपारी सगळा गोतावळा जमला. काका नवा फेटा बांधून. आई-बाबा, आत्या, शेजारी, काकांचे फॅक्टरीतले जुने मित्र. आणि घोडीवाला भैया, बोलावल्याप्रमाणे, हातात कापडी पिशवी घेऊन. पिशवीत लोखंड खुळखुळत होतं. घोडीने तो आवाज ओळखला, कान मागे टाकले. मी तिच्या खांद्याशी जाऊन उभी राहिले आणि दुसरीकडे बघू लागले. तिचा एक कान माझ्याकडे आला.

काकू पुढे आली. कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजन एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं. घोडी उभी होती. शेवटी तिने नाक खाली करून काकूच्या पदराचा वास घेतला. "अगंबाई," आत्या म्हणाली, आणि पुढचा टोमणा तिला बहुधा सुचला नाही.

काका स्टुलावर चढून खोगिरावर बसले. घोडी उभी. काकांनी आजूबाजूला पाहिलं. "रक्त," ते हळूच म्हणाले. मी ते त्यांना माफ केलं. त्या क्षणी मी कोणालाही काहीही माफ केलं असतं. ती राहणार होती.

मग काकांनी गल्लीच्या तोंडाकडे बघून हात हलवला. "शिलेदार काय गुपचूप निघतात का?"

दोन ढोलवाले कोपऱ्यावरून वाजवतच आले.

घोडीच्या अंगावरून एक लाट गेली. मान ताणली, पाय उचलले गेले, एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला, जागच्या जागी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळे फोन वर झाले. या वेळी काका पडले नाहीत. खोगिराचा पुढचा उंचवटा दोन्ही हातांनी धरून ते चक्क हसत होते. कोणीतरी पुढे होऊन नोट ओवाळली. भैया टाळ्या वाजवत ओरडला, "देखा अंकल! कुछ नहीं भूली!"

"ठेवली!" काका वरून ओरडले. "ऐकलं का रे सगळ्यांनी? ही आता घरची! दर दसऱ्याला अशीच नाचेल!"

पुन्हा टाळ्या. मला हवं होतं ते मिळालं होतं. घोडी राहणार होती, पिशवी बंदच राहणार होती. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि तो तर माझा हातखंडा विषय.

तिच्या डोळ्यांतला पांढरा भाग दिसत होता. मानेवरून घाम ओघळत होता. कान सगळीकडे फिरत होते, आणि फिरून फिरून मी जिथे उभी होते तिकडे येत होते.

मी चालत गेले आणि मोठ्या ढोलाच्या कातड्यावर हात सपाट ठेवला. ढोलवाल्याने माझ्याकडे पाहिलं, वाजवायचा थांबला. दुसराही थांबला. एवढी शांतता झाली की घोडीचा श्वास ऐकू येऊ लागला. तिने पाय खाली टेकवले, पण अंग थरथरत राहिलं.

"काय झालं?" काकांनी वरून विचारलं.

"आता हिला काय झालं?" आत्या.

सगळे माझ्याकडे बघत होते. सवयीने मी काकूकडे पाहिलं. ती औक्षणाची थाळी धरून उभी होती. तिने हनुवटी उचलून मलाच काकांकडे खुणावलं. या वेळी निरोप पोहोचवायचा तिचा विचार दिसत नव्हता.

मी घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाले, "काका, उतरा. ती नाचून नाही राहिली, भिऊन राहिली आहे. शमीपर्यंत आपण सगळे पायी जाऊ, तिला मी नेते."